काळोखातली धावपट्टी : चूक डोळ्यांची की चित्राची?

लोकप्रिय विज्ञानाच्या पुस्तकांत दृष्टिभ्रमाचे एक प्रकरण हमखास असते. दोन सारख्या लांबीच्या रेषा, एकीच्या टोकांची पाती आत वळलेली, दुसरीची बाहेर. रेल्वेच्या रुळांवर आडवे ठेवलेले दोन सारखे पट्टे, त्यांतला वरचा मोठा भासणारा. मुले पट्टी लावून मोजतात, ‘अरेच्चा!’ म्हणतात आणि ‘डोळ्यांवर विसंबू नका’ या उपदेशावर प्रकरण संपते. हे सगळे केवळ गमतीचे वाटू नये म्हणून शेवटी एखादी गंभीर गोष्ट जोडण्याची पद्धत आहे. ती बहुधा विमानाची असते.

गोष्ट अशी. काळीकुट्ट रात्र, हवा स्वच्छ. विमान समुद्रावरून किंवा वस्ती नसलेल्या प्रदेशावरून येते आहे. खाली एकही दिवा नाही. समोर धावपट्टीचे दिवे आणि त्यांच्या मागे झगमगणारे शहर. वैमानिक चांगला अनुभवी. आपण पुरेशा उंचीवर आहोत अशी त्याची खात्री असते आणि विमान धावपट्टीच्या कितीतरी अलीकडे पाण्यात किंवा टेकडीवर आदळते. वैमानिकांच्या भाषेत याला ‘ब्लॅक होल’ म्हणतात. ताऱ्यांच्या कृष्णविवराशी त्याचा संबंध नाही. खालच्या काळोखाचे हे नाव आहे. गोष्ट सांगून झाली की सांगणारा म्हणतो, ‘पाहा, इतक्या अनुभवी माणसाचेही डोळे फसतात.’

मी स्वतः ही गोष्ट याच तात्पर्यासह कितीतरी वेळा सांगितली आहे. काही वर्षांपूर्वी एका शिक्षक शिबिरात ती सांगून झाल्यावर गणित शिकवणाऱ्या एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सर, त्या वैमानिकाला जे दिसलं त्यात चूक काय होती? दिवे जिथे होते तिथेच दिसले ना? मग डोळे कुठे फसले?” मी दोन-तीन वाक्ये बोललो, पण ते उत्तर नव्हते. बाईंनाही ते कळले आणि त्या शांतपणे खाली बसल्या. परत आल्यावर मी मूळ प्रयोगाचे वर्णन आणि अपघातांच्या चौकशीचे निष्कर्ष नीट वाचायला घेतले. ही गोष्ट आपण सांगतो ती बरीच ढिसाळपणे सांगतो, असे माझे मत झाले. हा लेख म्हणजे त्या गोष्टीचे, आणि माझ्या सांगण्याचेही, परीक्षण आहे.

गोष्टीचा उगम अमेरिकेतल्या बोइंग कंपनीतला. कॉनरॅड क्राफ्ट हे तिथे काम करणारे मानसशास्त्रज्ञ. १९६५-६६ मध्ये नव्या ७२७ जातीच्या विमानांना लागोपाठ अपघात झाले. त्यांत रात्रीची वेळ आणि उतरण्याचा टप्पा या दोन गोष्टी समान होत्या. यंत्रात दोष असता तर तो दिवसाही दिसायला हवा होता. क्राफ्ट यांनी चार्ल्स एल्वर्थ या सहकाऱ्याबरोबर प्रयोग मांडला. सिम्युलेटरसमोर रात्रीच्या शहराची दिव्यांची प्रतिकृती ठेवली. ती सपाट ठेवता येई किंवा मागच्या बाजूने उचलून, म्हणजे शहर चढावर वसले आहे असे दाखवता येई. बोइंगच्याच बारा अनुभवी प्रशिक्षक-वैमानिकांनी या शहराकडे ‘उतरायचे’ होते. त्यांना उंचीमापक वापरू दिला नव्हता. फक्त समोरचे दिवे पाहून यायचे आणि मधूनमधून आपल्याला वाटणारी उंची सांगायची. आपल्याला वाटते त्यापेक्षा ते बरेच खालून उडत होते आणि चढावरच्या शहराकडे येताना ही चूक अधिक वाढत होती. १९६९ मध्ये हे निष्कर्ष बोइंगच्या नियतकालिकात आले आणि १९७८ मध्ये क्राफ्ट यांनी त्यावर सविस्तर लेख लिहिला.

प्रयोग उत्तम आहे यात शंका नाही. एका व्यावहारिक प्रश्नाला त्याने स्वच्छ उत्तर दिले : रात्री नुसत्या दिव्यांवरून उंची ओळखता येते का? येत नाही, आणि येत नाही हे वैमानिकाला कळतही नाही. माझे आक्षेप प्रयोगाला लागून आलेल्या तीन गोष्टींवर आहेत : अपघातांची यादी, चुकीचे भौमितिक स्पष्टीकरण, आणि ‘भ्रम’ हा शब्द.

आधी यादी. गोष्ट सांगणारे सहसा चार अपघात एका दमात मोजतात. १६ ऑगस्ट १९६५, शिकागोजवळ मिशिगन सरोवर, ३० मृत्यू. ८ नोव्हेंबर १९६५, सिनसिनाटी, ५८. ११ नोव्हेंबर १९६५, सॉल्ट लेक सिटी, ४३. ४ फेब्रुवारी १९६६, टोकियोचा उपसागर, १३३. पहिल्या अपघातात विमानाने सहा हजार फुटांवर स्थिरावायचे होते. ते तसे न करता सरळ पाण्यात गेले, आणि का गेले हे चौकशीत ठरवता आले नाही. टोकियोच्या अपघाताचेही कारण निश्चित झाले नाही. सॉल्ट लेक सिटीला विमान फार वेगाने खाली येत होते आणि कॅप्टनने ते वेळेत आवरले नाही, हा निष्कर्ष. म्हणजे प्रकरण निराळेच. राहता राहिले सिनसिनाटी. तिथे हवा बिघडत असताना वैमानिक बाहेर पाहून उतरत होते, उंचीमापकाकडे लक्ष राहिले नाही, आणि विमान धावपट्टीच्या पातळीपेक्षाही खाली, टेकडीच्या उतारावर आदळले. एवढे एक उदाहरण गोष्टीत बऱ्यापैकी बसते.

म्हणजे चारांपैकी दोन अज्ञात, एक वेगळ्या जातीचे, एक जुळणारे. असे घडू शकते, हे प्रयोगाने दाखवले. त्या रात्री तसेच घडले, हे त्याने दाखवलेले नाही, दाखवू शकणारही नव्हता. विज्ञान शिकवणाऱ्याने या दोन वाक्यांतले अंतर कधीच पुसू नये. मी ते पुसत होतो.

आता भूमिती. हा भाग वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन वाचावा. दहावीच्या वर्गात तो तसाच्या तसा वापरता येईल.

क्राफ्ट यांची कल्पना अशी की, वैमानिक समोरच्या दिव्यांचा जो उभा कोन डोळ्याशी होतो, तो कळत-नकळत कायम ठेवतो. दिव्यांचे जवळचे टोक क, दूरचे टोक ख आणि वैमानिकाचा डोळा व मानू. कोन कवख कायम राहिला तर व कोणत्या मार्गाने सरकेल? एकाच वर्तुळकंसात अंतर्लिखित केलेले कोन एकरूप असतात, हे प्रमेय विद्यार्थ्याला माहीत असते. म्हणून व हा बिंदू क आणि ख मधून जाणाऱ्या वर्तुळाच्या कंसावरून सरकेल. उतरायचे असते सरळ रेषेत, साधारण ३ अंशांच्या उतारावर. कंस त्या रेषेच्या खाली झुकलेला असतो.

किती खाली, ते पाहू. धावपट्टी ३ किलोमीटर लांब आणि सपाट आहे. विमान तिच्यापासून १५ किलोमीटरवर, बरोबर ३ अंशांच्या रेषेवर, म्हणजे सुमारे ७८६ मीटर उंचीवर आहे. तिथून जवळच्या टोकाचा अवनतकोन ३ अंश, दूरच्या टोकाचा अडीच. म्हणजे तीन किलोमीटरची अख्खी धावपट्टी उभ्या दिशेने फक्त अर्धा अंश, आकाशातल्या पूर्णचंद्राएवढीच जागा व्यापते. हा अर्धा अंश कायम ठेवत वैमानिक पुढे आला, तर ५ किलोमीटरवर त्याची उंची भरते ११६ मीटर. हवी होती २६२. एक किलोमीटरवर भरते १२ मीटरांहूनही कमी, हवी होती ५२. चार मजली इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही वाटेत यायला पुरे.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. धावपट्टी सपाट असेल तर वर्तुळ जमिनीच्या रेषेला क आणि ख याच दोन बिंदूंत छेदते. वाटेत झाड, टेकडी नसेल तर विमान खरडत का होईना, धावपट्टीच्या टोकाशी पोचेल. पाण्यात पडणार नाही. मग अलीकडे कोसळणे येते कुठून? ते येते चढावरून. इथे स्पर्शिका-छेदिका कोनाचे प्रमेय उपयोगी पडते. क पाशी वर्तुळाची स्पर्शिका आणि जीवा कख यांतला कोन डोळ्याशी होणाऱ्या कोनाइतकाच असतो. कख ही रेषा जमिनीशी जितक्या अंशांचा चढ करते, तो चढ या कोनापेक्षा मोठा असेल तर क पाशी कंस वर चढत असतो. वर चढत यायचे तर तो त्याआधी जमिनीच्या खाली गेलेला असला पाहिजे.

आकडे घालून पाहू. शहर ६ किलोमीटर लांब, चढ ३ अंश. विमान शहराच्या अलीकडच्या कडेपासून ३० किलोमीटरवर, १५०० मीटर उंचीवर. डोळ्याशी होणारा कोन जेमतेम १ अंश येतो. चढ ३, कोन १. कंसाची वाट शहराच्या सुमारे साडेबारा किलोमीटर अलीकडे जमिनीला मिळते. पडताळा सोपा आहे : त्या जागी जमिनीवर उभे राहिले तर शहराची अलीकडची कड डोळ्याच्या पातळीत दिसेल आणि ३१४ मीटर उंचावरची पलीकडची कड साडेअठरा किलोमीटरवरून जवळजवळ तेवढ्याच एका अंशावर दिसेल.

शालेय प्रमेयांतून इतके निघते हे पाहून मला पहिल्यांदा फार आनंद झाला होता, आणि त्या आनंदातच मी या कल्पनेवर विश्वास ठेवला. पण सुबक भूमिती म्हणजे पुरावा नव्हे. वैमानिक हा कोन कायम का ठेवील? हजारो वेळा उतरलेल्या माणसाने धावपट्टी मोठी होत जाताना पाहिलेली असते. सरळ ३ अंशांवर येताना तिचा उभा कोन १५ किलोमीटरवर अर्धा अंश, ५ किलोमीटरवर १.१ अंश आणि एक किलोमीटरवर सव्वादोन अंश होतो. तो वाढलाच नाही तर काहीतरी बिनसले आहे हे त्याच्या लक्षात येऊ नये?

याचे उत्तर अंतरावर अवलंबून आहे. विमानाचा वेग सेकंदाला ७० मीटर धरा. ३० किलोमीटरपासून १५ किलोमीटरपर्यंत यायला साडेतीन मिनिटे लागतात आणि एवढ्या वेळात कोन वाढतो पाव अंशाहूनही कमी. सेकंदाला अंशाचा साधारण हजारावा भाग. रेडिओवर बोलणाऱ्या, यंत्रे पाहणाऱ्या माणसाला ही वाढ जाणवणे कठीण. पाच किलोमीटरच्या आत हीच वाढ दहापट वेगाने होते. तेव्हा दूरवर क्राफ्ट यांची कल्पना मला पटते. जवळ आल्यावर ती लंगडी पडते. कंस हे चुकीचे एक संभाव्य वर्णन आहे, चुकीचा नियम नाही.

शिवाय ‘वैमानिक खालून आले’ हे निरीक्षण दुसऱ्या कल्पनेतूनही निघते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी इथे नागरी विमानवाहतुकीची वैद्यकीय संस्था आहे. तिथे हेन्री मर्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून रात्रीच्या धावपट्टीच्या प्रतिकृतींवर प्रयोग केले. त्यांचा भर धावपट्टीच्या आकारावर होता. वैमानिक मार्गाचा उतार प्रत्यक्षापेक्षा अधिक आहे असे समजतात आणि लांब-अरुंद धावपट्टी हा समज वाढवते, असे त्यांना दिसले. वैमानिक कोन कायम धरतो असे इथे मानावे लागत नाही. तो चित्राच्या आकारावरून उतार ओळखू पाहतो आणि चुकतो. चढावरचे शहर चूक वाढवते, हे याही कल्पनेत आपोआप बसते : ३ अंशांच्या चढाकडे ३ अंशांच्या रेषेवरून पाहिले तर चित्र ६ अंशांचे दिसणारच. म्हणजे क्राफ्ट यांच्या प्रयोगातली सर्वांत ठसठशीत गोष्ट दोन्ही कल्पनांना सारखीच अनुकूल आहे. दोहोंत निवाडा तिच्यावरून होत नाही. पुस्तके मात्र कंसाची आकृती छापून मोकळी होतात.

आता तो शब्द. बाणांच्या रेषांमध्ये डोळ्यांसमोर पुरेशी माहिती असते. पट्टी न लावता, नुसते नीट पाहून त्या सारख्या आहेत हे ओळखता यायला हरकत नसते, तरी आपण चुकतो. तिथे भ्रम हा शब्द शोभतो. रात्रीच्या धावपट्टीचे तसे आहे का?

दिवसा उतरणाऱ्या वैमानिकाला एक मोठा आधार असतो : क्षितिज. क्षितिज आणि उतरण्याची जागा यांच्यामधला कोन म्हणजेच उतरणीचा कोन. तो थेट समोर असतो, कसले गणित नको. शिवाय खाली शेते, रस्ते, घरे यांचा पट पसरलेला असतो. जवळची घरे मोठी, दूरची लहान, आणि हा बदल किती भरभर होतो त्यावरून जमीन किती तिरकी दिसते आहे ते कळते. काळोखात हे दोन्ही जाते. उरतात दिव्यांच्या दोन रांगा. सपाट धावपट्टीच्या कडा पुढे वाढवल्या तर त्या क्षितिजावरच मिळतील, म्हणजे क्षितिजाचा थोडा पत्ता रांगांतही आहे, हे खरे. पण १५ किलोमीटरवरून धावपट्टी दिसते अर्धा अंश, आणि कडा मिळायच्या तिच्याही वर अडीच अंशांवर. अर्ध्या विटेवर भिंत तोलण्यातला प्रकार! त्यात धावपट्टीला थोडा चढ असेल तर कडा मिळतात त्या चुकीच्याच जागी. एक अंशाचा चढ असलेल्या पट्टीकडे ३ अंशांनी येताना चित्र ४ अंशांचे दिसते. वैमानिक ते ‘दुरुस्त’ करून ३ वर आणतो तेव्हा तो प्रत्यक्षात २ अंशांवर गेलेला असतो.

रुंदीचेही तसेच. पट्टीच्या कडा चित्रात किती कलतात ते उंची आणि रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरते. ४५ मीटर रुंद पट्टी दीडशे मीटरांवरून आणि ३० मीटर रुंद पट्टी शंभर मीटरांवरून सारख्याच कललेल्या दिसतात. समरूप त्रिकोणांचा साधा हिशोब. मोठ्या विमानतळाची सवय असलेला वैमानिक अरुंद पट्टीवर आला की त्याला आपण उंच आहोत असे वाटते आणि तो खाली येतो. दिव्याच्या तेजाची कथाही वेगळी नाही. जवळचा मंद दिवा आणि दूरचा प्रखर दिवा डोळ्यात सारखाच प्रकाश पाठवू शकतात. स्वच्छ हवेत दिवे जवळ वाटतात, धुरकट हवेत दूर.

या सगळ्यात दृष्टिपटलावरची प्रतिमा बरोबरच असते. पण तीच प्रतिमा देणाऱ्या जागा अनेक आहेत आणि त्यांतली कोणती खरी हे त्या प्रतिमेत लिहिलेले नसते. एका समीकरणात दोन अज्ञात राशी असाव्यात तसे. विद्यार्थ्याने असे समीकरण सोडवताना एक किंमत गृहीत धरली आणि उत्तर चुकले, तर त्याला भ्रम झाला असे आपण म्हणत नाही. वैमानिक सवयीची किंमत गृहीत धरतो : पट्टी सपाट, रुंदी नेहमीची. बाईंचा प्रश्न अगदी मर्मावर होता.

शब्दाचा एवढा कीस का काढायचा, असे कोणी विचारील. काढायचा, कारण शब्द बदलला की उपायही बदलतो. डोळे फसतात असे म्हटले की पुढचे वाक्य येते ‘वैमानिकाने सावध राहावे’. काळ्या विवरातला वैमानिक तर सावधच असतो. त्याला शंका येत नाही, कारण चित्र स्वच्छ आणि ओळखीचे असते. धुक्यात तो उंचीमापकाकडे दहादा पाहील, झगमगते दिवे दिसल्यावर पाहत नाही. इथे क्राफ्ट यांच्या प्रयोगातली एक उणीवही सांगायला हवी. त्यांनी उंचीमापक काढून घेतला. प्रश्न नजरेपुरता होता म्हणून ते योग्यच होते. पण खऱ्या विमानात तो समोर असतो, आणि असूनही माणूस तिकडे का पाहत नाही, या अधिक अवघड प्रश्नाला प्रयोग हात घालत नाही.

माहिती कमी आहे असे म्हटले की उपाय सुचतो तो माहिती पुरवण्याचा, आणि तो झालाही. धावपट्टीच्या बाजूला उताराचा कोन सांगणारे दिवे बसवले गेले. १९७४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये टोनी स्मिथ आणि डेव्हिड जॉन्सन यांनी विकसित केलेली रचना आज जगभर दिसते. तिला ‘पापी’ म्हणतात (इंग्रजी आद्याक्षरांचा हा मराठी विनोद कुणी मुद्दाम केलेला नाही). आडव्या ओळीत चार दिवे. प्रत्येक दिवा ठरावीक कोनाच्या वरून पाहिला तर पांढरा, खालून पाहिला तर लाल. ३ अंशांच्या मार्गासाठी हे चार कोन साधारणपणे अडीच अंश, २ अंश ५० मिनिटे, ३ अंश १० मिनिटे आणि साडेतीन अंश असे ठेवतात. दोन पांढरे, दोन लाल : मार्ग बरोबर. तीन लाल : थोडे खाली. चारही लाल : फारच खाली.

यातली हुशारी पाहा. धावपट्टी रुंद की अरुंद, सपाट की चढाची, दिवा जवळ की दूर, याच्याशी त्या रंगाला देणेघेणे नाही. जो कोन चित्रातून काढता येत नव्हता तो रंगाने थेट सांगितला. अर्थात यालाही मर्यादा आहेत. भिंगावर दव जमले तर लाल-पांढऱ्याची सीमा पुसट होते, आणि लहान धावपट्ट्यांवर ही सोय असेलच असे नाही. पुढे जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रेही विमानांत आली. पण पापीचे दिवे मला अधिक आवडतात, कारण नेमके काय हरवले आहे ते ओळखून तेवढेच त्यांनी परत दिले.

एका अपघाताच्या चौकशीत शब्दांचे हे वजन स्पष्ट दिसते. ३० जानेवारी १९७४ च्या रात्री पॅन ॲम कंपनीचे बोइंग ७०७ पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटावर, पागो पागो इथे उतरताना धावपट्टीच्या सुमारे बाराशे मीटर अलीकडे झाडीत कोसळले. १०१ पैकी ९७ जण मरण पावले. पहिल्या अहवालाचा रोख वैमानिकावर होता : विमान वेगाने खाली येत असताना त्याने ते सावरले नाही. वैमानिकांच्या संघटनेने फेरविचार मागितला आणि १९७७ मध्ये निष्कर्ष बदलला. वाऱ्याच्या अचानक बदलांमुळे विमान वेगाने खाली येऊ लागले हे त्यात आले. कॅप्टनच्या ते उशिरा लक्षात येण्याची कारणेही आली : पावसाने कमी झालेली दृश्यता, काळ्या विवराचा आभास, उपकरणांकडे अपुरे लक्ष, आणि शेवटच्या पंधरा सेकंदांत खाली येण्याचा वेग कुणीही मोठ्याने न सांगणे. आभास आहे, पण चार कारणांपैकी एक, आणि तोही वाऱ्याच्या पाठोपाठ. गोष्ट सांगताना आपण उरलेली तीन आणि वारा गाळतो.

मुंबईकरांना इथे १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवेल. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ जंबो जेट सांताक्रूझहून उडाले आणि वांद्र्याच्या समुद्रात पडले; २१३ जण गेले. हेही उदाहरण दृष्टिभ्रमात घालण्याची प्रथा आहे. ते तिथले नाही. विमान उतरत नव्हते, चढत होते. कॅप्टनसमोरचे, विमान कुठे कलले आहे ते दाखवणारे उपकरण बिघडले होते, आणि बाहेर काळ्या समुद्रावर ते पडताळून पाहायला क्षितिज नव्हते. फसवे चित्र नव्हतेच, चित्रच नव्हते. दोन्हींत समान काय, तर हरवलेले क्षितिज.

वर्गात हे सगळे दाखवता येते. बुटांच्या खोक्याच्या, साधारण ३० सेंटीमीटर लांब झाकणाला दाभणाने दोन समांतर रांगांत आठ-आठ भोके पाडा. खोक्यात लहान दिवा ठेवा. खोली पूर्ण काळोखी करा आणि खोके टेबलावर, निरीक्षकापासून सहा मीटर दूर, लांबीच्या दिशेने ठेवा. डोळा झाकणाच्या पातळीपेक्षा ३१ सेंटीमीटर वर धरला की कोन ३ अंशांचा होतो. एक डोळा मिटून पाहायचे आणि आपण झाकणापेक्षा किती उंचावर आहोत ते सांगायचे. मग निरीक्षकाला नकळत खोक्याच्या मागच्या कडेखाली एक काडेपेटी आडवी सरकवा. झाकण साधारण ३ अंशांनी कलते आणि ठिपक्यांचे चित्र जवळजवळ तेच होते, जे सपाट झाकणाकडे दुप्पट उंचीवरून पाहताना दिसले असते.

पुढच्या शिबिरात मी हा प्रयोग केला तेव्हा काडेपेटी सरकवल्यावर बहुतेकांनी आपण उंच गेलो असे सांगितले. खुर्ची तर कुणाची हलली नव्हती. मग समोरच्या भिंतीवर, निरीक्षकाच्या डोळ्याच्या बरोबर उंचीवर, आणखी एक बारीक दिवा लावला आणि तो कुठे आहे ते सगळ्यांना सांगितले. आता काडेपेटी ठेवली काय, काढली काय, उत्तरे फारशी हलेनात. एक गृहस्थ म्हणाले, “सर, आता पेटी ठेवलीत ते कळतंय.” त्या बाई या वेळी नव्हत्या. त्यांना पत्राने खोक्याची मापे कळवली आहेत.